सत्तेचाळीस नंबरचा दगड

भूशास्त्र विभागात प्राध्यापक आले, बढत्या घेऊन गेले, पण दगडांच्या पेट्या छत्तीस वर्षं एकाच माणसाने सांभाळल्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. पहिल्या वर्षाच्या मुलांपासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे त्यांना पेटीकाका म्हणत. शिक्षण दहावी. पण कुठलाही दगड पुढे करा, काका तो काचेवर घासत, उजेडात फिरवत आणि नाव सांगून मोकळे होत. शंभरात नव्वद वेळा नाव बरोबर निघे. उरलेल्या दहा वेळा काका म्हणत, "दगडातच खोट आहे." यावर कोणी वाद घालत नसे, कारण प्रयोगशाळेच्या किल्ल्या काकांकडे होत्या आणि चहाची किटलीही.

सगळ्या पेट्यांत मानाची पेटी परीक्षेची. लाकडी, शंभर कप्प्यांची. प्रत्येक कप्प्यात मुठीएवढा दगड, दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि ठिपक्यावर काळ्या शाईने नंबर. नाव कुठेच नाही. कुठला नंबर म्हणजे कुठलं खनिज, हे एका यादीत लिहिलेलं. यादी कपाटात, कपाटाची किल्ली काकांच्या कमरेला. विद्यार्थ्यांना ही पेटी फक्त परीक्षेच्या दिवशी दिसायची. इतक्या वर्षांत त्यातल्या एका दगडाचंही नाव बाहेर गेलं नव्हतं. काकांची स्वतःची मुलगी याच विभागात तीन वर्षं शिकली, तेव्हाही नाही.

निवृत्तीला चार महिने उरले आणि विभागात नव्या मॅडम आल्या. वयाने काकांच्या मुलीएवढ्या, केस आखूड, खिशात कायम भिंग. आल्या आल्या त्यांनी परीक्षेची पेटी मागवली, झाकण उघडलं आणि विचारलं, "काका, ही यादी शेवटची कधी तपासली?"

"तपासायचं काय त्यात, मॅडम? दगड आहेत ते. काल एक आणि आज दुसरं, असं व्हायला ती काय माणसं आहेत?"

मॅडम हसल्या. "दगड बदलत नाहीत हो. चिकटवलेली नावं चुकतात. त्यातही पांढरे दगड सगळ्यात वाईट. जरा पांढरं दिसलं, काचेवर ओरखडा उठला, की लोक फेल्डस्पार म्हणून मोकळे होतात. मी सगळे शंभर वजन करून बघणार आहे. रोज आठ."

 काकांचा चहा ओतायचा राहिला आणि त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला. रोज आठ म्हणजे सहाव्या दिवशी सत्तेचाळीस.

आता हा सत्तेचाळीसचा मामला काय, ते सांगायला हवं. पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी शेवटच्या वर्षाची तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, आणि आदल्या दुपारी पेटी पुसताना काकांच्या हातून सत्तेचाळीस नंबर सुटला. फरशीवर पडून त्याचे चार तुकडे झाले. यादीत त्या नंबरापुढे लिहिलं होतं, फेल्डस्पार. साधा दगड, गल्लीबोळात मिळणारा. काका जिन्याखाली गेले. तिथे कुठल्याशा बंद पडलेल्या खाणीतून दान आलेली खोकी होती. त्यांवरच्या चिठ्ठ्या वाळवीने खाल्लेल्या. काकांनी हात घातला, एक पांढराशुभ्र, सपाट बाजूंचा दगड काढला, काचेवर घासला. ओरखडा उठला. झालं. पांढरा ठिपका, काळी शाई, सत्तेचाळीस. कोणाला सांगायचं कशाला? दगड फोडला म्हणून बोलणी खायला?

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काकांच्या मुलीपुढे नेमका तोच दगड ठेवला.

मुलगी, म्हणजे घरातली माऊ, वर्गात पहिली-दुसरी असायची. तिने दगड हातात घेतला, तळव्यावर वरखाली केला, भिंगातून पाहिला आणि म्हणाली, "सर, हा फेल्डस्पार वाटतो, पण नाही." परीक्षकांनी यादीत बघितलं. यादीत फेल्डस्पार. त्यांनी तिला दोनदा संधी दिली. तिने दोन्ही वेळा तेच सांगितलं, वर आणखी सांगितलं की सरांनी स्वतः हातात घेऊन बघावा. परीक्षकांना ते लागलं. दगडाचे पाच मार्क तर गेलेच, तोंडीचेही कापले. पुढच्या शिक्षणाची जागा माऊची दोन मार्कांनी हुकली.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी घरात रणकंदन झालं होतं. "बाबा, सत्तेचाळीस फेल्डस्पार नाही. जड आहे तो. फुटलेल्या बाजूंमधला कोन काटकोनाच्या जवळपासही नाही!" माऊ रडत ओरडत होती. काकांनी तिला झापलं. "मी पेट्या भरतोय तेव्हा तू पाळण्यात होतीस. परीक्षकांना अक्कल शिकवायला गेलीस, भोग आता. पेटी मी भरतो, पेटीत चूक नसते!" असं म्हणून त्यांनी तिच्यासमोर बोट नाचवलं. माऊ त्या बोटाकडे बघत राहिली आणि एकदम गप्प झाली. काकांना वाटलं, पोरीला पटलं.

त्यानंतर ती विभागाची पायरी चढली नाही. दगड हा विषय घरातून गेला. आज ती दोन चौक पलीकडच्या फरशांच्या दुकानात काम करत होती, तिथल्याच एका भल्या माणसाशी तिचं लग्न झालं होतं, दर रविवारी ती आईबापाकडे येत होती, हसत होती, बापाचा रक्तदाब मोजत होती. सगळं ठीक होतं. मग काकांना घाम का फुटावा?

कारण काकांना माहीत होतं. म्हणजे डोक्याला माहीत नव्हतं, हाताला होतं. पंधरा वर्षं दर परीक्षेला काका नव्याण्णव दगड मुठीत धरून उचलत आणि सत्तेचाळीस नंबर तेवढा दोन बोटांच्या चिमटीत. वजन कळेल म्हणून. असं का करतो, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं आणि विचारायची इच्छाही नव्हती.

मॅडमचं काम सुरू झालं. पद्धत साधी होती, म्हणूनच भीतीदायक. दगड आधी हवेत तोलायचा, मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोलायचा. पाण्यात वजन जितकं घटतं तितक्या पाण्याची जागा दगडाने घेतलेली असते. हवेतल्या वजनाला त्या घटीने भागलं की दगडाची घनता हातात. पाण्याच्या कितीपट जड, तो आकडा. "फेल्डस्पार दोन पूर्णांक सहाच्या आसपास आला पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "थोडं इकडेतिकडे चालेल. पण तीन आला, तर तो फेल्डस्पार नाही. मग तो काचेवर ओरखडा काढो नाहीतर भिंतीवर."

पहिल्या दिवशी आठही दगड बरोबर निघाले. मॅडमनी काकांची तारीफ केली. काकांचा चहा कपातच निवला. दुसऱ्या दिवशी अकरा नंबर चुकीचा निघाला, पण ती चूक काकांच्या आधीच्या माणसाची होती आणि तो माणूस केव्हाच वर गेला होता. काकांना त्याचा हेवा वाटला. तिसऱ्या दिवशी ते मॅडमना म्हणाले, "मॅडम, उन्हाळ्याच्या सुट्टीत केलं तर? निवांत." मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही असतानाच व्हायला हवं. तुमच्याइतकं या दगडांना कोण ओळखतं?" बिचाऱ्या मॅडमना काय माहीत, की त्यांनी जखमेवर नेमकं मीठ चोळलं.

चौथ्या दिवशी काकांनी किल्ल्या दोनदा हरवल्या आणि दोनदा त्या कमरेलाच सापडल्या. पाचव्या दिवशी चाळीस नंबरपर्यंत काम झालं. मॅडम घरी गेल्या. काकांनी पेटीला कुलूप लावलं, कुलूप पुन्हा काढलं, सत्तेचाळीस नंबर चिमटीत उचलला आणि डब्याच्या पिशवीत टाकला. छत्तीस वर्षांत विभागातला एक खडाही त्यांनी घरी नेला नव्हता. 

घरी बायकोने नेहमीप्रमाणे पिशवी हातातून घेतली आणि म्हणाली, "अहो, डबा खाल्ला नाहीत का? किती जड झालीय ही!"

काका खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. बायकोने पिशवीत हात घातला, दगड बाहेर काढला, ठिपक्यावरचा नंबर वाचला. ती शिकलेली नव्हती फारशी, पण हा आकडा तिला पाठ होता. पंधरा वर्षांपूर्वी पोरीने तो उशीत तोंड खुपसून शंभर वेळा उच्चारला होता.

"हा तो?"

"हो."

"मग इथे का आणलात?"

"उद्या मॅडम तोलणार आहेत. तो फेल्डस्पार निघाला तर बरंच आहे. पण नाही निघाला तर... तर अगं, पोरीचं आयुष्य मी फुकट घालवलं. माझ्या हाताने. हा दगड मीच ठेवला होता तिथे. आदल्या दिवशी."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं.  ओट्यावर वजनकाटा होता, बाजूला पाण्याचं पातेलं होतं, आणि दोरा तर प्रत्येक घरात असतोच. काकांची नजर तिकडे गेलेली तिने पाहिली.

"बघा ना मग इथेच," ती म्हणाली.

"नको."

"घाबरता?"

"हो," काका म्हणाले.

"तुम्ही त्याला नदीत टाकलंत तरी पोरीची दोन मार्कं परत येणार नाहीत," बायको दगड पिशवीत ठेवत म्हणाली. "आणि तिने खोटं सांगितलं होतं, की तुम्ही, एवढं तरी कळू दे मला. मरायच्या आधी."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी एकेचाळीसपासून सुरुवात केली. शेहेचाळीस झाला. मॅडमनी न बघताच पुढच्या कप्प्यात हात घातला. हात रिकामा बाहेर आला.

"काका, सत्तेचाळीस?"

हीच ती वेळ. काका म्हणू शकत होते, फुटला. म्हणू शकत होते, कोणी उचलला असेल. दोन्ही वाक्यं त्यांनी वाटेत तयार करून आणली होती. पण मॅडम भिंगाशी चाळा करत त्यांच्याकडे विश्वासाने बघत उभ्या होत्या, आणि उभं राहायची ती लकब, एका पायावर भार देऊन, माऊची होती. काकांनी पिशवी उघडली. यावेळी दगड चिमटीत धरला नाही, मुठीत घेतला. वजन खांद्यापर्यंत जाणवलं.

"मी घरी नेला होता, मॅडम. का ते नंतर सांगतो. आधी तोला."

 मॅडमनी दगड तोलला, दोऱ्याला बांधला, पाण्यात सोडला. काट्यावरचा आकडा थरथरला आणि स्थिरावला. मॅडमनी भागाकार केला. मग पुसून पुन्हा केला.

"तीन पूर्णांक शून्य पाच."

काकांनी टेबलाची कड धरली.

"एवढ्यावरून नाव ठरत नाही," मॅडम स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, आणि मग थांबल्याच नाहीत. दगडाची एक कपची काढली. भिंगाखाली धरली, सपाट बाजूंमधला कोन मोजला. "काटकोन नाही. अजिबात नाही. फेल्डस्पारचा जवळपास काटकोन असतो." कपची चिमट्यात धरून ज्योतीत घातली. फेल्डस्पार असता तर बराच वेळ ढिम्म राहिला असता. हा लगेच फुगला, वितळला आणि त्याचा दुधट मणी झाला. ज्योतीची कड आधी पिवळी झाली आणि मग लाल, भडक लाल. "लिथियम," मॅडम कुजबुजल्या. मग भुकटी सोड्याबरोबर वितळवून काचेच्या नळीत आम्लात विरघळवली, शेजारच्या रसायन विभागातून आणलेलं फॉस्फेट ओळखायचं द्रावण तिच्यात ओतलं, नळी कोमट केली. नळीतलं पाणी पाण्यासारखंच राहिलं. काकांच्या मनात एक वेडी आशा उठली, की आता इथेच सगळं थांबेल. अर्ध्या मिनिटाने तळाशी पिवळा गाळ बसायला लागला.

"फॉस्फेट! काका, हा अँब्लिगोनाइट आहे. लिथियमचं फॉस्फेट. दुर्मिळ, आणि फेल्डस्पारसारखाच दिसतो, त्यामुळे लोक हातात येऊनही फेकून देतात. खाणीवरची माणसं फसतात, आपलं काय! कुणी ठेवला हा पेटीत? त्याचा सत्कार करायला हवा."

"मी ठेवला," काका म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं. फुटलेला दगड, जिन्याखालचं खोकं, परीक्षक, दोन मार्क. सांगताना ते कुठेच थांबले नाहीत. मॅडमच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू विझला.

"इतक्या वर्षांत किती मुलांनी फेल्डस्पार लिहून पाच मार्क घेतले असतील," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि एकच मुलगी बरोबर होती. तुम्ही हा दगड तिच्याकडे घेऊन जा, काका. उद्या अकरापर्यंत परत आणा. नोंद मी करते."

फरशांच्या दुकानात माऊ एका जोडप्याला स्वयंपाकघराच्या फरशा दाखवत होती. बोटाच्या पेराने फरशी वाजवून "ऐका, पोकळ नाही ना?" असं विचारत होती. बापाला असा भरदुपारी दारात बघून तिचा चेहरा उतरला. "काय झालं? आई बरी आहे ना?"

काकांनी दगड काउंटरवर ठेवला, नंबर खाली करून. माऊने तो उचलला. उलटा केला नाही. तळव्यावर एकदा वर, एकदा खाली केला, जसा पंधरा वर्षांपूर्वी केला होता.

"सत्तेचाळीस," ती म्हणाली.

"तू बरोबर होतीस. फॉस्फेट आहे तो. मॅडमनी आज तपासला. माऊ, तो दगड मी..."

"तुम्ही बदलला होता. मला माहीत आहे, बाबा."

काकांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"त्या संध्याकाळी तुम्ही माझ्यावर बोट उगारलंत ना, तुमच्या नखाला पांढरा रंग लागला होता. ताजा. परीक्षेच्या पेटीचे ठिपके कशाने काढतात, ते मला लहानपणापासून माहीत होतं. आणि दगडावरच्या नंबरातल्या साताचं शेपूटही तुमच्याच अक्षरातलं होतं."

"मग बोलली का नाहीस?" काका जवळजवळ ओरडलेच. ते जोडपं वळून बघायला लागलं. "विभागप्रमुखांकडे जायचंस! तुझे मार्क मिळाले असते!"

"आणि सगळे काय म्हणाले असते? परीक्षेच्या आदल्या दिवशी बापाने पेटीत हात घातला, आणि पोरगी त्याच परीक्षेला बसलीय. मला मार्क मिळाले नसते, बाबा. तुमची नोकरी मात्र गेली असती." ती हे इतक्या सरळ म्हणाली, जणू फरशीचं माप सांगतेय. "एकाचं गेलं तेवढं पुरे होतं."

काका काउंटरला टेकले आणि रडले. छत्तीस वर्षं विभागात काढलेला माणूस होता तो, कधी कोणासमोर रडला नव्हता. माऊने त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं. स्वतःचे डोळे पुसले की नाही, हे काकांना दिसलं नाही, कारण तिने दगड उजेडाकडे धरला होता आणि त्याची एक सपाट बाजू चमकत होती.

"घनता किती काढली त्यांनी?" तिने विचारलं.

"तीन पूर्णांक शून्य पाच."

"मी उत्तरपत्रिकेत तीन लिहिलं होतं. नुसत्या हाताने." आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा काकांनी तिच्या ओठांवर तो जुना, भांडखोर हट्ट पाहिला. "आम्लात घातल्यावर गाळ किती वेळाने आला? कोन किती मोजला?"

काकांना कोन आठवेना. त्यांनी सांगितलं की मॅडमनी लिहून ठेवलाय, आणि दगड उद्या अकरापर्यंत परत न्यायचाय, विभागाचा आहे.

पलीकडून त्या जोडप्यातल्या बाईंनी हाक मारली, त्यांना फिकट रंगातली फरशी बघायची होती. माऊ निघाली. दगड तिच्या मुठीतच होता. दोन पावलं जाऊन ती थांबली.

"तुम्ही नका नेऊ," ती म्हणाली. "मी येते घेऊन. विभाग अजून साडेदहालाच उघडतो ना?"